जुन्या मोटारसायकलींसाठी फोर्क तेलाची निवड

फोर्क तेल म्हणजे मोटारसायकलचे पुढचे चाक ज्या दोन नळ्यांच्या आधारावर खालीवर होते, त्या नळ्यांत भरले जाणारे खनिज किंवा संश्लेषित तेल होय. नळीतील स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल त्या स्प्रिंगच्या उसळण्याला आवर घालते. वंगण पुरवणे हे या तेलाचे दुय्यम काम आहे. मुख्य काम अवमंदनाचे, म्हणजे दोलन लवकर शमवण्याचे आहे. महाराष्ट्रातील गॅरेजांत या नळ्यांना ‘शॉकअप’ म्हणतात. इंग्रजीतील शॉक ॲब्सॉर्बर या जोडशब्दाचे ते लोकांनी आपल्या तोंडात बसवलेले रूप असून मराठी परिभाषेत त्यास आघातशोषक असा प्रतिशब्द आहे.

नव्या गाडीच्या पुस्तिकेत तेलाचा प्रकार आणि माप छापलेले असते, त्यामुळे तेथे निवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. जुन्या गाड्यांची स्थिती वेगळी आहे. त्यांच्या पुस्तिका हरवलेल्या असतात किंवा परदेशी हवामान गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्यांत सांगितलेले तेल बाजारात त्याच नावाने मिळेलच असे नाही. वाशीम जिल्ह्यासारख्या भागात, जेथे मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि थंडीतील पहाटे तो १० अंशांच्या आसपास उतरतो, तेथे ही निवड गाडीच्या ब्रेकवर आणि वळणावरील पकडीवर थेट परिणाम करते.

रचना आणि कार्य

टेलिस्कोपिक फोर्कमध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. वरची नळी हँडलखालच्या जोडाला घट्ट बसवलेली असते, तर खालचा भाग चाकाच्या आसाला धरून असतो. आत स्प्रिंग आणि छिद्रे असलेला एक दांडा असतो. चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की तेल त्या बारीक छिद्रांतून ढकलले जाते. तेलाच्या या अडखळत्या प्रवासात धक्क्याची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. स्प्रिंग परत उलगडताना तेल दुसऱ्या छिद्रांतून उलट दिशेने जाते आणि उसळीला अटकाव होतो.

छिद्रातून तेल वेगाने जाते तेव्हा त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. अरुंद फटींतून सावकाश झिरपणाऱ्या तेलाचा विरोध मात्र प्रामुख्याने त्याच्या श्यानतेवर, म्हणजे दाटपणावर अवलंबून असतो. जुन्या फोर्कमध्ये हे दोन्ही प्रकार एकाच वेळी चालू असतात. त्यात बाहेरून फिरवता येईल असा कोणताही स्क्रू नसतो. अवमंदन कमीजास्त करायचे तर तेल बदलणे हाच सोपा मार्ग उरतो, आणि त्यालाही मर्यादा आहे: दाट तेल घातले की दबण्याचा आणि उसळण्याचा असे दोन्ही विरोध एकदम वाढतात, एक वाढवून दुसरा जागच्या जागी ठेवता येत नाही.

तेल फार पातळ असेल तर ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली जाते, गतिरोधक ओलांडल्यावर हँडल दोनतीनदा झुलते आणि खोल खड्ड्यात फोर्क तळाशी आपटतो. तेल फार दाट असेल तर उलटा त्रास होतो आणि तो ओळखायला कठीण असतो. एका धक्क्यानंतर स्प्रिंग पूर्ण उलगडण्याआधीच दुसरा धक्का बसतो, मग तिसरा. फोर्क क्रमाक्रमाने दबलेल्याच अवस्थेत अडकत जातो. चालवणाऱ्याला ‘शॉकअप कडक झाले’ असे वाटते. तो कडकपणा मजबुतीचा समजला जातो, ही मोठी चूक आहे. अशा वेळी उंचवट्यावरून पुढचे चाक जमिनीला धरून राहत नाही, आणि जमिनीपासून सुटलेल्या चाकाचा ब्रेक निरुपयोगी असतो.

पार्श्वभूमी

द्रवीय अवमंदन असलेला टेलिस्कोपिक फोर्क कारखान्यातून निघणाऱ्या मोटारसायकलीला १९३५ मध्ये जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने प्रथम बसवला. त्यापूर्वी गर्डर फोर्क प्रचलित होता. त्याच्या सांध्यांना ग्रीस लागे, आत तेल भरण्याची सोय नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश कंपन्यांनी टेलिस्कोपिक रचना सर्रास स्वीकारली आणि भारतात आलेल्या गाड्यांतही ती आली.

१९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि ब्रिटनची रॉयल एनफील्ड यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली व ३५० घ.सें.मी.ची बुलेट भारतात बनू लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने जावा गाड्या बनवल्या. पुढे त्याच कारखान्यातून येझदी हे नाव रूढ झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत खेड्यापाड्यांत, विशेषतः दूधवाल्यांकडे, दीर्घकाळ दिसत असे. १९८३ मध्ये राजदूत ३५० आणि १९८५ मध्ये यामाहा आर.एक्स. १०० व हिरो होंडा सी.डी. १०० आल्या. आज ‘जुनी गाडी’ म्हणून जपल्या जाणाऱ्या मोटारसायकली बहुतेक याच आहेत.

यातील प्रत्येक गाडीला फोर्क तेल लागते असे नाही. पोलंडच्या आराखड्यावर आधारलेल्या सुरुवातीच्या राजदूतला पुढे टेलिस्कोपिक नळ्यांऐवजी झुलता दांडा आणि त्याला जोडलेले दोन स्वतंत्र आघातशोषक होते. इंग्लंडच्या अर्नेस्ट अर्ल्स यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. अशा गाडीत फोर्क तेल घालण्याचा प्रश्नच येत नाही. आघातशोषक दुरुस्त करावे किंवा बदलावे लागतात. तेलाची बाटली विकत घेण्याआधी आपल्या गाडीला कोणता फोर्क आहे हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

कायद्याच्या दृष्टीने ‘विंटेज’ हा शब्द याहून मर्यादित आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या सुधारणेनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेले आणि मूळ सांगाडा, बांधणी व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहनच विंटेज मानले जाते. त्याच्या नोंदणी क्रमांकात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात आणि ते रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. म्हणजे १९६०च्या दशकातील जावा या व्याख्येत बसते, आर.एक्स. १०० बसत नाही. तेलाच्या बाबतीत मात्र दोघींच्या अडचणी सारख्याच आहेत. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे येथील बऱ्याच जुन्या गाड्यांवर वाशीमचा एम.एच. ३७ नसून अकोल्याचा एम.एच. ३० हा क्रमांक आढळतो.

क्रमांकांचा घोटाळा

तेलाच्या डब्यावरील आकडे ही या विषयातील सर्वांत मोठी गफलत आहे. इंजिनाच्या तेलावर २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असे लिहिलेले असते. यातील ‘डब्ल्यू’ हे विंटर, म्हणजे हिवाळा, या शब्दाचे आद्याक्षर आहे. अमेरिकेच्या एस.ए.ई. संस्थेच्या मानकात हा पहिला आकडा शून्याखालच्या तापमानात इंजिन सुरू करताना तेल किती वाहते याच्याशी निगडित आहे, तर दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा किती राहतो हे सांगतो. फोर्कमधील तेल यांपैकी कोणत्याही तापमानाला सहसा पोहोचत नाही.

फोर्क तेलाच्या बाटलीवरही १०डब्ल्यू, १५डब्ल्यू, २०डब्ल्यू असेच छापलेले असते, पण तेथे ते अक्षर ‘वेट’ या अर्थी वाचले जाते आणि त्यामागे कोणतेही बंधनकारक मानक नाही. एका कंपनीचे १०डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या १५डब्ल्यूइतके दाट निघू शकते. खरा आधार मिळतो तो ४० अंश सेल्सिअसला मोजलेल्या श्यानतेचा. ती सेंटिस्टोक या एककात देतात आणि कंपनीच्या तांत्रिक पत्रकात ती छापलेली असते. औद्योगिक तेलांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ठरवलेल्या ३२, ४६, ६८, १०० या श्रेणींचे आकडे म्हणजेच ४० अंशांना तेवढे सेंटिस्टोक, दहा टक्के पुढेमागे. ढोबळमानाने १०डब्ल्यू फोर्क तेल ३२च्या, १५डब्ल्यू ४६च्या आणि २०डब्ल्यू ६८च्या जवळपास येते.

आता दुकानात काय घडते ते पाहता येईल. ‘फोर्कमध्ये २० नंबरचे तेल घाला’ असे कोणी सांगितले की दुकानदार समोरच्या फळीवरचा २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०चा डबा काढून देतो. पहिल्याची श्यानता ४० अंशांना साधारण ११० ते १३० सेंटिस्टोक असते आणि दुसऱ्याची १५०च्या वर. २०डब्ल्यू फोर्क तेलाच्या दुपटीइतके दाट तेल नळीत जाते, आणि डब्यावर २० हा आकडा दिसत असल्याने कोणालाच शंका येत नाही. फोर्क कडक झाल्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ येथेच असते.

याच्या उलट, जुन्या ब्रिटिश पुस्तिकांत एस.ए.ई. २० किंवा ३० असे नुसते आकडे असतात. त्या काळी फोर्कसाठी वेगळे तेल फारसे मिळत नसे. इंजिनाचेच एकश्रेणी तेल वापरण्याची प्रथा होती. हे एस.ए.ई. २० म्हणजे आजच्या हिशेबाने ४६ ते ६८ सेंटिस्टोकचे तेल, आणि एस.ए.ई. ३० म्हणजे १००च्या आसपासचे. ‘थंडीत २०, उन्हाळ्यात ३०’ असा सल्ला या पुस्तिकांत पुष्कळदा आढळतो. पण तो उन्हाळा इंग्लंडचा आहे, वऱ्हाडचा नव्हे.

तापमान आणि श्यानता-निर्देशांक

तेल तापले की पातळ होते, गार झाले की घट्ट होते. किती प्रमाणात, ते श्यानता-निर्देशांक सांगतो. निर्देशांक जितका मोठा तितका तापमानाचा परिणाम कमी. उदाहरणादाखल ४० अंशांना ३२ सेंटिस्टोक असणारी दोन तेले घेतली, एक १०० निर्देशांकाचे आणि दुसरे १८० निर्देशांकाचे, तर १० अंशांना पहिल्याची श्यानता सुमारे १६० आणि दुसऱ्याची सुमारे ११५ इतकी भरते. ५५ अंशांना हेच आकडे अनुक्रमे १८ आणि २०च्या आसपास येतात. म्हणजे फरक जाणवतो तो मुख्यतः थंडीत.

वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात हे आकडे बोलके आहेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेताकडे किंवा बाजाराला निघालेल्या गाडीच्या फोर्कमधील तेल आणि मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या त्याच गाडीतील तेल यांच्या दाटपणात आठनऊपटीचे अंतर पडू शकते. ऋतूनुसार तेल बदलत बसणे व्यवहार्य नाही. त्यामुळे या भागात मोठा क्रमांक निवडण्यापेक्षा मोठा श्यानता-निर्देशांक पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते. ‘येथे ऊन फार, म्हणून दाट तेल घालावे’ हा प्रचलित तर्क वरवर पटतो. परंतु असे तेल थंडीच्या सकाळी पहिले काही किलोमीटर नळीत गोठल्यासारखे वागते.

रस्त्यांचाही विचार करावा लागतो. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. जुन्या मोटारसायकली धावतात त्या अकोला–मालेगाव–वाशीम–हिंगोली या मार्गावर, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, रिसोड यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर आणि गावशिवारातील पांदणरस्त्यांवर. लागोपाठ येणारे लहान खड्डे आणि गतिरोधक हा येथील नेहमीचा अनुभव. अशा पृष्ठभागावर फोर्क लवकर उलगडणे आवश्यक असते, आणि हेही मध्यम दाटपणाच्या तेलाच्याच बाजूने जाते.

निवड

पुस्तिका उपलब्ध असेल तर तिच्यातील शिफारस हाच प्रारंभबिंदू. ब्रिटिश वळणाच्या बुलेटसाठी एस.ए.ई. २० लिहिलेले असल्यास ४६ ते ६८ सेंटिस्टोकचे, म्हणजे १५डब्ल्यू ते २०डब्ल्यू फोर्क तेल त्याच्या जवळ जाते. स्प्रिंग मूळची आणि सुस्थितीत असेल तर यांपैकी पातळ तेलापासून सुरुवात करावी. गाडी झुलत असल्यास एक पायरी वर जाता येते. जपानी तंत्रज्ञानावर आधारलेल्या गाड्यांत छिद्रांची योजना पातळ तेलासाठी केलेली असते. त्यांना १०डब्ल्यूच्या आसपासचे तेल मानवते.

१९७०च्या दशकातील होंडाच्या अनेक पुस्तिकांत फोर्कसाठी स्वयंचलित गिअरपेटीचे तेल, ज्याला बाजारात ए.टी.एफ. म्हणतात, सुचवलेले आढळते. ४० अंशांना त्याची श्यानता ३३ ते ३८ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते, निर्देशांक उंच असतो आणि त्यात फेसविरोधी द्रव्ये असतात. तालुक्याच्या गावी फोर्क तेल मिळाले नाही तर हे तेल मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात सहसा मिळते. १०डब्ल्यूऐवजी तो समाधानकारक पर्याय आहे. बुलेटसाठी मात्र तो थोडा पातळ पडतो.

दोन श्रेणींच्या मधले तेल हवे असल्यास एकाच कंपनीची दोन तेले मिसळता येतात. मिश्रणाचा दाटपणा साध्या सरासरीने निघत नाही. ३२ आणि ६८ समप्रमाणात मिसळल्यास ५० न येता सुमारे ४६ येतो, कारण मिश्रण पातळ तेलाकडे झुकते. वेगवेगळ्या कंपन्यांची तेले मिसळणे टाळलेले बरे, कारण त्यांतील पूरक द्रव्ये परस्परांशी जुळतीलच असे नाही.

इंजिनातून काढलेले जळके तेल फोर्कमध्ये ओतण्याची काटकसर काही ठिकाणी केली जाते. ती कोणत्याही अर्थाने परवडत नाही. त्या तेलात धातूचा बारीक कीस आणि काजळी असते. सीलच्या ओठावर आणि नळीच्या चकचकीत पृष्ठभागावर ते घासपट्टीसारखे काम करते. नवे इंजिन तेलही दुय्यमच. त्यातील मळ धरून ठेवणारी द्रव्ये इंजिनासाठी उपयुक्त, पण छिद्रांतून वारंवार घुसळल्या जाणाऱ्या तेलात ती फेसाला मदत करतात. फेसातील हवा दबते आणि अवमंदन नाहीसे होते. ब्रेकचे तेल तर फोर्कमध्ये कदापि घालू नये. ते ग्लायकॉलवर आधारित असून रंग खराब करते.

तेलाची पातळी आणि हवेची पोकळी

प्रकाराइतकेच माप महत्त्वाचे असते, आणि प्रत्यक्षात त्याकडे जास्त दुर्लक्ष होते. तेलाच्या वर नळीत उरलेली हवा ही दुसरी स्प्रिंगच असते. समजा, फोर्क पूर्ण उलगडलेला असताना हवेचा स्तंभ १८० मिलिमीटर आहे. फोर्क १०० मिलिमीटर दबला की तो ८० मिलिमीटर उरतो आणि आतील दाब ढोबळ हिशेबाने सव्वादोन पट होतो. तेल जास्त भरल्यामुळे हाच स्तंभ सुरुवातीला १४० मिलिमीटर असेल तर तेवढ्याच दाबणीत तो ४० मिलिमीटर राहील आणि दाब साडेतीन पटीवर जाईल. ३३ मिलिमीटर व्यासाच्या नळीत हा जादा जोर पहिल्या प्रकारात प्रत्येक बाजूला सुमारे ११ किलोग्रॅम वजनाइतका, तर दुसऱ्यात सुमारे २२ किलोग्रॅमइतका असतो. स्प्रिंग तीच, तेल तेच, तरीही फोर्क शेवटी दगडासारखा होतो, आणि वाढलेला दाब आधी सील फोडतो.

पुस्तिकेत काही वेळा दोन मापे दिलेली असतात: फोर्क सुटा करून कोरडा केल्यानंतरचे आणि नुसते तेल काढून पुन्हा भरतानाचे. दुसरे माप कमी असते, कारण तेल कितीही निथळू दिले तरी थोडे आत राहतेच. पहिले माप दुसऱ्या प्रसंगी वापरले की तेल जास्त होते. दोन्ही नळ्यांत पातळी समान असणे आवश्यक आहे. औषधाच्या मोठ्या पिचकारीने मोजून भरल्यास हे सहज साधते.

बदलण्याची रीत

बऱ्याच जुन्या गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाशी निचऱ्याचा स्क्रू असतो. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून इंजिनाखाली आधार द्यावा व पुढचे चाक अधांतरी ठेवावे. वरचे झाकण सावकाश सोडावे, कारण खाली स्प्रिंग दाबलेली असते. मग निचऱ्याचा स्क्रू काढून फोर्क दहाबारा वेळा हलवला की बहुतेक तेल बाहेर पडते. काढलेले तेल उजेडात पाहण्यासारखे असते. करडे व चमचमणारे असल्यास आत झीज आहे, दुधाळ असल्यास पाणी शिरले आहे. फार मळ निघाल्यास नुसते तेल बदलून भागत नाही. फोर्क उघडून धुवावा लागतो. नवे तेल भरल्यावर फोर्क हळूहळू दाबून आतील हवेचे बुडबुडे निघू द्यावेत आणि मगच पातळी मोजावी.

गळती आणि काळी माती

नळीवर तेलाचे वलय दिसू लागले की ऑइल सील बदलण्याची वेळ आली असे समजतात. सील गेले की तेल ओघळत चाकाकडे येते. जुन्या गाड्यांना पुढे बहुधा ड्रम ब्रेक असतो. त्याच्या लायनरला तेल लागले तर ब्रेक घसरतो, आणि तेल प्यायलेला लायनर धुऊन पूर्ववत होत नाही, बदलावाच लागतो. गळती दुर्लक्षिण्याचे खरे मोल तेलाच्या किमतीत नसून येथे असते.

या भागात सील लवकर जाण्याचे एक स्थानिक कारण आहे. पावसाळ्यात काळी चिकण माती नळीवर बसते, वाळून घट्ट होते आणि फोर्क दबला की तीच सीलच्या ओठाखाली ओढली जाते. पावसाळाभर पडून राहिलेल्या गाडीच्या नळीवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. अशा खरबरीत नळीवर नवे सील बसवले तरी ते टिकत नाही. नळीवर पुन्हा मुलामा देऊन घासून घ्यावी लागते किंवा ती बदलावी लागते. चिखलातून आल्यावर ओल्या फडक्याने नळी पुसणे आणि मूळचे रबरी बूट किंवा पत्र्याची कव्हरे जागेवर ठेवणे एवढ्यानेही सीलचे आयुष्य वाढते. देखणेपणासाठी ही कव्हरे काढून टाकण्याची हौस काळ्या मातीच्या प्रदेशात महागात पडते.

काढलेले तेल विहिरीजवळ, नाल्यात किंवा गोठ्यामागे ओतू नये. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवून ते जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे देता येते.